पाणी आडवे असताना

श्रावणसरी ओसरू लागल्या की पौड परिसरातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप बदलते. भातलावणीनंतरच्या कंबरा एव्हाना सावरलेल्या असतात, बोटांमधल्या चिखल्या भरून येऊ लागतात. त्याच सुमारास अलीकडे काही वर्षे एक निराळाच प्रश्न घेऊन कुटुंबे येतात : ‘‘डॉक्टर, जानेवारीत सहल ठरवतोय. आबांना जमेल का, तेवढे सांगा.’’ पूर्वी हा प्रश्न काशी किंवा चारधामापुरता असे. आता त्यात अंदमानची भर पडली आहे.

गेल्या पंधरवड्यात असेच एक कुटुंब आले होते. मुलगा हिंजवडीत नोकरीला, सून शिक्षिका, नातू अकरा वर्षांचा आणि घरातले कर्ते आबा बहात्तरचे. आबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे. मधुमेहासाठी सकाळ-रात्र इन्सुलिन चालू आहे आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवीचा त्रासही आहे. नातवाला दमा आहे. सहलीच्या कंपनीने पाच रात्री, सहा दिवसांचा कार्यक्रम छापून दिला होता. तपासणी झाल्यावर आबांना बाहेर बसवून मुलगा आत परत आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना, की झेपणार नाही. आम्ही सांगितलं तर राग येईल. तुमचं ऐकतील.’’

हे वाक्य मला नवे नाही, आणि ते केवळ निष्काळजीपणातून येते असेही नाही. परक्या मुलखात वडिलांना काही झाले तर काय, ही भीती खरी असते. परंतु काही वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून मी एका वृद्ध गृहस्थांना काशीला जाऊ नका, असे सांगितले होते. त्यांचा रक्तदाब थोडा अधिक होता, औषध बदलून पंधरा दिवस थांबले असते तर आटोक्यात आला असता. नाही म्हणणे सोपे होते, म्हणून मी नाही म्हटले. पुढच्याच वर्षी ते घरीच, झोपेत गेले. त्यांच्या पत्नीने मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून कोणी ‘नाही’ मागायला आले की मी आधी आजाऱ्याला विचारते, जायचे कशासाठी आहे?

आबांना समुद्रकिनाऱ्याचे काही अप्रूप नव्हते. त्यांना सावरकरांची कोठडी पाहायची होती. शाळेत असताना त्यांच्या गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी मलाही सांगितली. १९२१ च्या रामनवमीला आपल्या खोऱ्यात मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आसपास, मेच्या आरंभी, सावरकर बंधूंना अंदमानातून हिंदुस्थानात परत आणले गेले. सेनापती बापट आणि सावरकर लंडनच्या दिवसांपासूनचे सहकारी. एक सुटून दुसऱ्या तुरुंगात निघाला होता, तर दुसरा धरणाविरुद्ध उभा राहून तुरुंगाच्या वाटेवर होता. ‘‘आमचं गाव पाण्याखाली गेलं ते पाहिलेली माणसं आमच्या घरात होती,’’ आबा म्हणाले. ‘‘ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची आहे. मग बाकीचं बघितलं काय न बघितलं काय.’’

ही माहिती वैद्यकीय दृष्टीनेही फार उपयोगाची होती. सहा दिवसांतील एक तास आबांसाठी महत्त्वाचा आहे आणि बाकीचे सर्व सोडून देता येण्याजोगे आहे, हे त्यातून कळले. शिवाय सेल्युलर जेलमधील ती कोठडी वरच्या, तिसऱ्या मजल्यावर आहे. तेथे जिन्याने चढून जावे लागते. म्हणजे ‘झेपेल का’ या मोघम प्रश्नाऐवजी एक नेमका प्रश्न हाती आला : आबा न थांबता, छातीत न भरता, तीन मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर पोहोचू शकतात का?

हृदयविकार असलेल्या कोणत्याही ज्येष्ठाबाबत ही साधी कसोटी घरी लक्षात ठेवावी. सपाट रस्त्यावर बोलत बोलत चालता येते का, दोन जिने चढून वाक्य पुरे करता येते का? येत असेल, छातीत दुखणे नसेल, पायावर सूज नसेल आणि गेल्या काही महिन्यांत औषधे बदलावी लागली नसतील, तर विमानप्रवास हा सहसा अडसर नसतो. अर्थात ही कसोटी तपासणीच्या आधीची, तपासणीऐवजीची नव्हे. आबांना मी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांचा अहवाल चांगला आला. जिन्याच्या कसोटीत मात्र आबा पहिल्या खेपेस दुसऱ्या मजल्यावर थांबले. दोष हृदयाचा कमी, सवय सुटल्याचा अधिक. स्टेंट बसल्यापासून घरच्यांनी त्यांना ओट्यावरून उठू दिले नव्हते.

आता अंदमानविषयी. महाबळेश्वर किंवा गोव्याच्या सहलीची आखणी आणि बेटावरील सहलीची आखणी यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो सहलीच्या रंगीत पत्रकात दिसत नाही. डोंगरावर काही झाले तर गाडी निघते. बेटावर बोट निघावी लागते, आणि बोट वेळापत्रकाने, उजेडाने व वाऱ्याने बांधलेली असते. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, राजधानीपासून वेगवान बोटीने सुमारे दीड तासावर, सरकारी बोटीने अडीच तासांच्या आसपास. तेथे प्राथमिक उपचार मिळतात, परंतु मोठे रुग्णालय राजधानीत आहे. मी हे मुलाला नकाशावर दाखवत असताना आबा मध्येच म्हणाले, ‘‘डॉक्टरीणबाई, धरणाच्या पल्याड जन्मलेल्या माणसाला हे सांगायला नको. माझी थोरली बहीण आषाढात अडली होती. झोळीत घालून पाण्याला वळसा मारून आणेपर्यंत दिवस मावळला. पाणी आडवं आलं की कोस मोजायचे नसतात.’’ मुलाला ही हकिकत ठाऊक नव्हती, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. नकाशा मी मिटून ठेवला.

छापील कार्यक्रम आम्ही समोर घेऊन तिघांनी मिळून पुन्हा लिहिला. त्यातील पहिली गफलत अशी, की पहाटेच्या अंधारात पुण्याहून निघून, चेन्नईला विमान बदलून, दुपारी उतरल्या उतरल्या जेल पाहायचे होते. रात्रभराचे जागरण, चुकलेली न्याहारी आणि त्यावर तीन मजल्यांचा जिना! आबांसाठी जेल दुसऱ्या दिवशी, सकाळी, पोटभर नाश्ता करून, असे ठरले. यात एक योगायोगाचा लाभ आहे. सेल्युलर जेलच्या मूळ सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत, आणि त्याच आवारात १९६३ साली गोविंद वल्लभ पंत रुग्णालय सुरू झाले. म्हणजे साऱ्या सहलीत आबांच्या शरीराला सर्वांत अधिक ताण पडणार तो नेमका द्वीपसमूहातील मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या शेजारी. श्रीविजयपुरम् हे २०२४ पासूनचे पोर्ट ब्लेअरचे नवे नाव. तिकिटांवर व जुन्या फलकांवर दोन्ही नावे आढळतील, गोंधळू नये.

दुसरी गफलत बोटीची. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाची बोट होती. येथे थोडे थांबते, कारण मधुमेही माणसाच्या बाबतीत गंभीर चूक होते ती अशाच ठिकाणी. पहाटे उठून सवयीप्रमाणे इन्सुलिन टोचले जाते, घाईत दोन घास पोटात जातात आणि अर्ध्या तासात बोट लागते. खाल्लेले उलटून पडते, इन्सुलिन मात्र शरीरात काम करतच राहते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे त्या वेळी ‘बोट लागली’ म्हणून दुर्लक्षिली जातात, कारण सारी बोटच घामेघूम झालेली असते! म्हणून आबांपुरते आम्ही असे ठरवले, की बोट उशिराची घ्यावी, आणि न्याहारी व इन्सुलिन तिच्या निदान दोन तास आधी, जमिनीवर, नेहमीच्या वेळी व्हावे. खिशात ग्लुकोजची पूड आणि खडीसाखर, साखर तपासण्याचे छोटे यंत्र हातपिशवीत. इतर मधुमेहींनी प्रवासाच्या दिवसाची मात्रा आपापल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावी. मनाने कमी-जास्त करू नये.

बोट लागू नये म्हणून औषधांच्या दुकानात सहज मिळणारी गोळी तरुणांना बहुधा चालते, निघण्यापूर्वी तासभर घ्यायची असते, पेंग येते. पण प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना अशा अनेक गोळ्यांनी लघवी अडू शकते, आणि मग परक्या बेटावर नळी घालण्याची वेळ येते. काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या वर्ज्य असतात. वृद्धांना त्यांनी भ्रमही होतो. आबांना मी ती गोळी दिली नाही. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे, कारण तेथे हेलकावा कमी असतो. वाचू नये, मोबाइलकडे पाहू नये, दूरच्या क्षितिजावर नजर ठेवावी, तोंडात आल्याचा तुकडा ठेवावा. जानेवारी ते मार्च समुद्र पुष्कळसा शांत असतो, हाही आपला फायदा. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे आणि वादळे यांचा काळ, मेच्या मध्यापासून पुन्हा पाऊस. भात कापून, झोडून, कणग्यांत भरल्यावर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघण्याचा आबांचा हट्ट होता. शेतीचे आणि समुद्राचे पंचांग येथे आपोआप जुळले.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठ स्त्री-पुरुष कोणालाही न सांगता करतात. प्रवासात स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून पाणी पीत नाहीत, आणि रक्तदाबाची किंवा सुजेची लघवी होणारी गोळी गुपचूप चुकवतात. उष्ण दमट हवेत पहिल्याने चक्कर येते, दुसऱ्याने दम लागतो. घरच्यांनी उपदेश न करता वाटेतील स्वच्छतागृहांची सोय आधी पाहून ठेवावी, आणि त्या गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. बहुधा येते.

नातवाचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण त्याने शाळेत सर्वांना सांगून ठेवले होते की तो स्कूबा करणार. पत्रकात ‘वय वर्षे दहापासून’ असे छापले होते, पोहता येण्याची अटही नव्हती. अशा ठिकाणी पाण्यात उतरण्यापूर्वी एक आरोग्यपत्रक भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, चालू सर्दी यांविषयी प्रश्न असतात, आणि रांगेत उभे असलेले पालक सर्वांपुढे ‘नाही’ लिहून सही करतात. त्या सहीचा अर्थ समजून घ्यावा. पाण्याखाली दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येताना प्रसरण पावून दुप्पट जागा मागते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो आणि ती हवा निघून जाते. दम्याने आकुंचन पावलेल्या श्वासनलिकांमागे ती अडकली, तर फुप्फुस फाटू शकते. नळीतून येणारी थंड, कोरडी हवा आणि नाकातोंडात गेलेले खारे पाणी, दोन्ही दम्याला चेतवणारी. मुलगा गेले सहा महिने ठीक आहे, हे उत्तर येथे पुरेसे नाही.

मी त्या मुलाशी स्वतंत्रपणे बोलले. अकरा वर्षांच्या मुलाला फुगा आणि पाण्याची बाटली घेऊन हे समजते, वडिलांपेक्षा लवकर समजते. काचेच्या तळाची बोट आणि वडिलांचा हात धरून, जीवनरक्षक जाकीट घालून, कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून प्रवाळ पाहणे, यावर तडजोड झाली. तो खूश नव्हता. इन्हेलर मात्र न चुकता घेतो आहे, असे त्याची आई सांगते.

त्याचे वडील स्कूबा करणार आहेत, त्यांना हरकत नाही. फक्त ते छापील कार्यक्रमात सहाव्या दिवशी सकाळी होते आणि दुपारी विमान! पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानाच्या कमी दाबात गेले, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे, पाठीचा कणा, मेंदू, कोठेही. किमान अठरा तास, शक्यतो पुरता एक दिवस मध्ये जावा. चौथ्या दिवशी हलवले.

पहाटे तीनला निघून बाराटांगला जाण्याचा दिवस मी खोडला. कारण सांगितले आबांच्या पाठीचे आणि झोपेचे. दुसरे कारण मनात होते, तेही सांगते. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. गोवरासारखा आपल्याला किरकोळ वाटणारा आजार तेथे काय करतो, याचा इतिहास आहे. १८७७ च्या साथीत ग्रेट अंदमानी जमातीची मोठी हानी झाली, आणि १९९९ मध्ये जारवांमध्येही गोवर पसरला. जाणाऱ्यांनी गाडी थांबवू नये, खाऊ देऊ नये, छायाचित्र घेऊ नये, असे नियम आहेतच. खोकला-ताप असलेल्याने त्या रस्त्याने जाऊच नये, असे मी त्यात जोडीन. प्रवासी आजार आणतो तसा नेतोही, हे आपल्या बोलण्यात फारसे येत नाही. नातवाच्या गोवराच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्याची नोंद मी पुस्तिकेत पाहून घेतली.

बारीकसारीक गोष्टी झटपट सांगते. सूर्य तेथे मुळशीहून तासाभराहून अधिक आधी उगवतो व मावळतो, घड्याळ मात्र तेच. साडेपाचलाच अंधारल्याने ज्येष्ठांना आठ वाजता मध्यरात्र वाटते आणि जेवण व रात्रीचे इन्सुलिन चुकते, तेव्हा औषधे घड्याळावर घ्यावीत, आभाळावर नव्हे. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या पेटीत टाकू नये, विमानाच्या पोटात ते गोठू शकते. सोबत ठेवावे, थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता. सर्व औषधांचे दोन संच दोन पिशव्यांत आणि चार दिवसांची जादा शिदोरी, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात. त्याच कारणाने परतीच्या विमानाआधीची रात्र राजधानीतच काढावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी पाण्यात रबरी चपला काढू नयेत. प्रवाळाची कड ब्लेडसारखी कापते आणि रक्त लवकर थांबत नाही. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींविषयी फलक असतात. ते शोभेचे नसतात. संध्याकाळी वाळूमाश्या चावतात, खाजवले की पिकते. प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत, विमा नेमका त्यांच्याचसाठी लागतो.

डासांपासून जपण्याविषयी मी दर पावसाळ्यात लिहीत आले आहे, पुन्हा लिहीत नाही. मात्र परतल्यानंतर महिनाभरात कोणालाही ताप आला, तर ‘आम्ही अंदमानला गेलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांसमोर पहिले यावे. हिवताप आणि डेंगी तेथेही आहेत. १९८८ पासून तेथे पावसाळ्यानंतर रक्तस्रावासह येणाऱ्या एका तापाने गोंधळ उडवला होता. ‘अंदमान रक्तस्रावी ताप’ असेच नाव पडले. पुढे तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचे उमगले. हा आजार आपल्याला परका नाही. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात, भेगाळल्या पायांनी भातखाचरात उभे राहणाऱ्यांना तो इथेही होतो. आबांच्या टाचांना भेगा आहेत. निघण्यापूर्वी त्या भरून यायला हव्यात, म्हणून रात्री कोमट पाण्यात पाय, नीट कोरडे करणे आणि व्हॅसलीन, असा उपचार सूनबाईंकडे सोपवला आहे. पाणी किती कोमट, ते आबांनी नव्हे, सूनबाईंनी हात घालून पाहायचे, कारण मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेली असते.

राहता राहिला जिना. मुलाच्या हिंजवडीतील इमारतीत उद्वाहक आहे, तो आबांनी सोडला आहे. पहिला आठवडा एक मजला, दुसरा आठवडा दीड, मध्ये थांबून, कठडा धरून. छातीत जडपणा आला तर तेथेच बसायचे, जिभेखालची गोळी घ्यायची आणि दवाखान्यात यायचे, हे मुलाला व नातवाला दोघांना पाठ आहे. परवा आबा वहीत नोंदी घेऊन आले होते : तारीख, मजला, नाडीचे ठोके. ठोके नातू मोजतो. तिसऱ्या मजल्यापुढे अजून एकदाच खूण झाली आहे, आणि त्यापुढे नातवाने लिहिले आहे, ‘दोनदा थांबले’. डिसेंबरात पुन्हा तपासणी आहे. त्या दिवशी दम लागत असेल तर ते जेलच्या अंगणात बाकावर बसतील आणि मुलगा वर जाऊन येईल, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. मुलाने तिकिटे चारही काढली आहेत.